अंगणातलं मागचं चाक

माझ्या मोटारसायकलचे टायर मी घरीच बदलतो. पैसे वाचतात हे खरं, पण ते कारण नव्हे. टायर चढवून देणारा जी मजुरी घेतो ती फार नसते. चंदगड तालुक्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरताना दिवसाचा मोठा भाग गाडीवर जातो. ती गाडी जमिनीला टेकते ती दोनच ठिकाणी, आणि दोन्ही मिळून ती जागा माझ्या दोन तळहातांएवढीही भरत नाही. तिथलं रबर किती झिजलं आहे, आत ट्यूब कशी बसली आहे, रिम कुठे गंजली आहे, हे मला स्वतःच्या हातानं कळायला हवं असतं.

बेळगाव–वेंगुर्ला रस्ता सोडून वाड्यांकडे वळलं की डांबर विरळ होत जातं आणि जांभ्याची तांबडी खडी लागते. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरतं, उन्हाळ्यात ती सुटी होऊन चाकाखालून सरकते. पण टायरचे खरे वाईट दिवस ऊसतोडणीचे. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की बैलगाड्यांच्या रांगा लागतात. बैलांच्या खुरांना मारलेल्या पत्र्या डांबरावर झिजतात, सैल होतात आणि त्यांचे खिळे वाटेत गळतात. त्या दिवसांत पंक्चरच्या दुकानात सगळ्यात जास्त हेच खिळे निघतात. पत्री सैल झालेला बैल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लंगडायला लागतो आणि त्याला बघायला मला त्याच रस्त्यानं जावं लागतं.

गाडीवर मागे कृत्रिम रेतनाचा कंटेनर बांधलेला असतो. त्यात उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या वळूंच्या रेतमात्रा. गाडी घसरून कंटेनर आडवा झाला आणि नायट्रोजन सांडला, तर आतलं सगळं निकामी होतं. मग कितीतरी गाईंचा माज फुकट जातो आणि शेतकऱ्याला पुन्हा तीन आठवडे वाट बघावी लागते. दुसऱ्या बाजूला औषधांची पेटी, वासरू ओढायचे दोर, साखळ्या. रात्री-अपरात्री फोन येतो, "डॉक्टर, गाय अडलीया, लवकर या," तेव्हा मागच्या टायरचा भरवसा असेल तरच मनात दुसरा विचार न आणता निघता येतं.

माझी गाडी जुनी स्प्लेंडर आहे, स्पोकच्या चाकांची, ट्यूबवाली. मागच्या टायरच्या बाजूवर '२.७५–१८' असं लिहिलेलं असतं, आणि पुढे '४८पी ६पीआर'. पावणेतीन इंच रुंदी, अठरा इंची रिम हे बहुतेकांना ठाऊक असतं. पुढच्या ४८ या आकड्याकडे मात्र कुणी बघत नाही. तो वजनाचा अंक आहे: ४८ म्हणजे पूर्ण हवेवर १८० किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग, आणि पीआर हा टायरच्या ताकदीचा दर्जा. पुढच्या चाकाचा टायर त्याच मापाचा दिसतो, पण त्यावर ४२ लिहिलेलं असतं, म्हणजे १५० किलो. माप एकच म्हणून पुढचा टायर मागे चढवणारे मी पाहिले आहेत. एकट्यानं सपाट रस्त्यावर फिरणाऱ्याला कदाचित काही जाणवणार नाही. दुधाचे दोन कॅन आणि मागे एक माणूस घेऊन खडीच्या चढाला लागणाऱ्यानं मात्र असं करू नये, हे मी प्रत्येक दूधवाल्याला सांगत आलो आहे.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे टायरच्या बाजूवर छोट्या चौकटीत कोरलेले चार आकडे. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर न वापरताही जुनं होतं. ऊन आणि हवा लागून त्याचा लवचीकपणा जातो. बेळगावात किंवा गडहिंग्लजला टायर घ्यायला गेलो की मी दुकानदाराला टायर हातात मागतो, उजेडात फिरवून हे आकडे वाचतो, आणि दुकानाच्या दारात उन्हात टांगलेला टायर घेत नाही. नक्षी किती झिजू द्यायची यालाही नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी खोल चालत नाही. माझ्या मते आमच्याकडच्या पावसाला तेवढी पुरत नाही. मिरग लागायच्या आधी नक्षीच्या खाचेत नख नीट बुडत नसेल, तर मी टायर बदलतो.

हे काम मला शिकवलं नाक्यावरच्या अण्णांनी. अण्णा मूळचे केरळचे. महाराष्ट्रात टायर-पंक्चरच्या धंद्यात मल्याळी माणसं कितीतरी वर्षांपासून आहेत, त्यांतलेच एक. तिलारी घाट उतरून खाली दोडामार्गला गेलं की रबराच्या बागा लागतात. तिथे त्यांचे नातेवाईक आहेत. एकदा एका म्हशीच्या निमित्तानं मी खाली गेलो होतो, तेव्हा अण्णांनी मला पहाटे बागेत नेलं. झाडाच्या सालीवर तिरकी बारीक खाच पाडतात आणि खाली वाटी बांधतात. हे अंधार असतानाच करायचं, कारण ऊन चढलं की चीक वाहायचा कमी होतो. गोळा झालेल्या पांढऱ्या चिकात थोडं आम्ल घालून तो गोठवतात, रुळांतून काढून त्याच्या चादरी करतात आणि धुरी देऊन वाळवतात. तो मधासारख्या रंगाचा पापुद्रा माझ्या हातात देऊन अण्णा म्हणाले, "हा बघ डॉक्टर, टायर." तो काळा होतो ते त्यात घातलेल्या काजळीमुळे, आणि त्या काजळीनंच तो झिजेला टिकतो. तेव्हापासून झिजलेल्या टायरकडे बघताना मला ती वाटी आठवते. एवढ्या कष्टानं जमवलेली वस्तू हवा न तपासता, कमी हवेवर पळवून दोन्ही कडांनी चिरून टाकणं मला पटत नाही.

टायर बदलताना लोकांचं जे चुकतं ते एकाच ठिकाणी चुकतं, आणि तिथे मी जरा थांबणार आहे.

टायरच्या दोन्ही आतल्या कडांत पोलादी तारेचं कडं असतं. रबर ताणतं, तार ताणत नाही. त्या कड्याचा घेर रिमच्या बाहेरच्या काठापेक्षा लहान असतो. तसा नसता तर टायर चालत्या गाडीवरून निसटला असता. मग लहान कडं मोठ्या काठावरून उतरणार कसं? बहुतेक जण टामी घालतात आणि ताकद लावतात. टामी वाकते, रिमला पोचा पडतो, ट्यूब चिमटली जाते, आणि टायर आहे तिथेच राहतो. उत्तर रिमच्या मध्यात आहे. रिमचा आडवा छेद घेतला तर दोन्ही कडांना टायर बसायची उथळ बैठक दिसते आणि मधोमध एक खोल पन्हाळ. एका बाजूला कडं त्या पन्हाळीत ढकललं की तिथे काही मिलिमीटर सैल मिळतो, आणि तेवढाच सैल बरोबर समोरच्या बाजूला टामीच्या कामी येतो. कडं लांब झालेलं नसतं, फक्त थोडं सरकलेलं असतं.

ही युक्ती चार्ल्स किंग्स्टन वेल्च या इंग्रज माणसाची. १८९० मध्ये त्यानं कडेला न ताणणारी तार आणि रिमला मधली पन्हाळ अशा रचनेचं पेटंट घेतलं. हवेचा टायर त्याच्या आधीच आला होता. जॉन बॉइड डनलॉपनं १८८८ मध्ये बेलफास्टला आपल्या टायरचं पेटंट घेतलं. तो केला होता मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट विल्यम थॉमसननं हवेच्या चाकाचं पेटंट घेऊन ठेवलं होतं, हे डनलॉपला नंतर कळलं. पण डनलॉपचा पहिला टायर रिमला कापड आणि रबराच्या सोल्युशननं चिकटवलेला असे. पंक्चर काढायचं म्हणजे सगळं उसवायचं आणि पुन्हा चिकटवून वाळवायचं. रस्त्याच्या कडेला दोन टाम्यांनी टायर उतरवता येतो तो वेल्चमुळे. डनलॉप स्वतः जनावरांचा डॉक्टर होता, आणि हे मी आमच्या खात्यातल्या नव्या मुलांना आवर्जून सांगतो. दिवसभर गाडीवर फिरणाऱ्या या मुलांना आपल्याच पेशातल्या माणसानं काय करून ठेवलं आहे ते ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

अण्णांनी मला पहिल्यांदा टामी हातात दिली तेव्हा एवढंच म्हटलं होतं, "जोर नको डॉक्टर. समोर दाब, इथे सुटेल." ते ऐकताच मला ते कळलं, कारण माझं निम्मं आयुष्य याच कामात गेलं आहे. गाय अडली म्हणून गोठ्यावर पोचावं, तर चार माणसं वासराच्या पायाला दोर लावून ओढत असतात. वासराची मान मागे वळलेली असते, ते आत अडकलेलं असतं, आणि ओढावं तितकं जास्त अडकतं. तिथे पहिलं काम म्हणजे दोर सोडायला लावणं. मग कळ ओसरली की हात आत घालून वासराला मागे, पोटाकडे ढकलायचं. बघणाऱ्याला हे उलटंच वाटतं. पण मागे ढकललं की जागा होते, जागा झाली की मान सरळ करता येते, आणि मान सरळ झाली की दोन माणसांच्या ओढीत वासरू बाहेर येतं. टायरच्या कड्याचं काम मला तसंच वाटतं. जिथे अडलं आहे तिथे ताकद लावायची नाही; समोरच्या बाजूला जाऊन जागा करायची.

चाक काढण्याचं काम छोटं आहे. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, ब्रेकचा रॉड आणि ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणारी पट्टी सोडवायची, ॲक्सल ओढून काढायचा. या गाडीत एक सोय आहे: चेन आणि चक्री जागेवर राहते, चाक तेवढं हबमधल्या रबरांतून सुटून बाजूला येतं. चाक निघालं की मी बेअरिंगमध्ये बोट घालून ते फिरवून बघतो. खरखर लागली तर टायरआधी बेअरिंगचं बघायचं. ब्रेकच्या ड्रममधली धूळ ओल्या फडक्यानं पुसायची, तोंडानं फुंकायची नाही. ती छातीत जाते.

अंगणात गोणपाट अंथरून त्यावर चाक आडवं ठेवलं की व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्यायची. आता कड सोडवायची. कोरड्या मुलखात हे काम टाचेनं होतं. रिमच्या अगदी लगत टाच देऊन चाकाभोवती फिरायचं, मग चाक उलटवून दुसरी बाजू. आमच्याकडे पावसाळाभर पाणी आत जातं, रिम गंजते आणि रबर गंजाला धरून बसतं. अशा वेळी कडेभोवती साबणाचं पाणी सोडून चहा प्यायला जावं. परत आल्यावरही ती सुटली नाही, तर दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड कामाला येतो. शेजाऱ्यांची बुलेट आणून तिच्या स्टँडचा पाय बरोबर रबरावर, रिमपासून बोटभर अंतरावर ठेवायचा आणि गाडी हळूहळू त्या बाजूला झुकवायची. एकानं गाडी धरायची, दुसऱ्यानं चाक. स्टँडचा पाय रिमवर किंवा स्पोकवर जाता कामा नये. एवढा भार पडला की गंजलेली कडही आवाज करून सुटते.

टामी घालायची सुरुवात व्हॉल्व्हजवळून करायची. त्याचं कारण साधं आहे. व्हॉल्व्ह जिथे असतो तिथे त्याचा दांडा आणि ट्यूबचा जाड भाग पन्हाळीत बसलेला असतो, त्यामुळे तिथे कडं आत जाऊ शकत नाही. म्हणून गुडघ्यानं दाबायचं ते व्हॉल्व्हच्या समोर, आणि उचलायचं व्हॉल्व्हपाशी. एका घासाला तीन-चार बोटं, त्यापेक्षा जास्त नाही. पहिली टामी स्पोकमध्ये अडकवून ठेवायची, दुसरी तिच्या शेजारी. रिमला ओरखडे पडू नयेत म्हणून टामीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा धरायचा. गुडघा जागेवर असेल तर तिसऱ्या-चौथ्या घासाला कडं आपोआप सैल पडतं आणि पुढचं हातानं निघतं. टामीला जोर लागतोय असं वाटलं, की माझी नजर आधी समोर गुडघ्याकडे जाते. तिथे कडं वर आलेलं असतंच.

साबण कुठला, हाही विचार करायचा. ऑइल, ग्रीस किंवा पॅराफीन इथे अजिबात चालत नाही. खनिज तेल रबराला फुगवतं आणि मऊ करतं. आमच्याकडे लिक्विड पॅराफीन नेहमी हाताशी असतं, जनावराच्या पोटफुगीला लागतं, आणि म्हणून ते पटकन वापरायचा मोह होतो. ते हातमोजे खराब करतं तसंच टायरही करतं. मी अंगाच्या साबणाचं दाट पाणी वापरतो आणि काम झाल्यावर रिम पुसून कोरडी करतो.

टायर उतरला की घाई करायची नाही. मला वाटतं, घरी हे काम करण्याचा सगळ्यात मोठा फायदा इथे मिळतो. दुकानात रांग असते, तिथल्या मुलाला जुना टायर आतून बघायला वेळ नसतो. मी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवतो. काट्याचं टोक कितीही बारीक असलं तरी कापूस त्यात अडकतो. मग डोळे मिटून बोटं फिरवतो. गाईची तपासणी करताना हात आत असतो, दिसत काहीच नसतं, सगळं बोटांच्या टोकांवर चालतं. ती सवय इथे उपयोगी पडते. करवंदीचा काटा, पत्रीच्या खिळ्याचं मोडलेलं टोक, खडीची कच, असं काही ना काही सापडतं. त्याच ट्यूबला पुन्हापुन्हा पंक्चर होत असेल तर बहुधा कारण इथेच आत अडकलेलं असतं.

रिमवरची रबरी पट्टी हा दुर्लक्षित भाग. स्पोकची टोकं ट्यूबला लागू नयेत म्हणून ती असते. ती वाळून फाटली असेल तर नवीन घालायचीच. तिची किंमत इतकी कमी आहे की विचार करण्यासारखं काही नाही. पट्टी काढल्यावर रिम तारेच्या ब्रशनं घासायची, गंज निघाल्यावर रंगाचा हात द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. एखादा स्पोक पट्टीच्या वर डोकावत असेल तर कानशीनं घासून घ्यायचा. स्पोक एकेक करून पान्यानं ठोकून आवाज ऐकायचा. सैल स्पोकचा आवाज बसका येतो.

नवा टायर आधी तासभर उन्हात ठेवतो. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे सकाळी गारठा असतो आणि गार रबर वळत नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघून ठेवायचा. काही टायरांवर पिवळा ठिपका असतो. तो टायरचा सगळ्यात हलका भाग, तो व्हॉल्व्हजवळ आणायचा, कारण तिथे व्हॉल्व्हचं वजन असतं. पहिली कड साबण लावून नुसत्या हातानं आणि गुडघ्यानं बसते. मग ट्यूब. तिला टाल्कम पावडर लावायची आणि गोल आकार येईल एवढीच हवा भरायची. रिकामी ट्यूब दुमडते आणि टामीखाली सापडते. व्हॉल्व्हची नट दोन-तीन आट्यांपुरती लावायची, आवळायची नाही.

दुसरी कड बसवताना सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून, शेवट व्हॉल्व्हपाशी. उतरवताना जे कारण होतं तेच इथे. दोन्ही गुडघे सुरुवातीच्या जागेवर ठेवून कडं पन्हाळीत धरायचं आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडून पुढे जायचं. शेवटची वीतभर जागा राहते तेव्हा सगळं घट्ट होतं आणि तिथेच माणसाचा धीर सुटतो. अशा वेळी मी टामी खाली ठेवतो. पुन्हा समोर जाऊन कडेनं दाबत येतो, साबण लावतो, व्हॉल्व्ह आत ढकलून ट्यूब कडेखाली अडकली नाही ना ते बघतो. मग शेवटचे दोन घास फार जोर न लावता जातात.

हवा भरताना पंप चालू असतो तशी कड बैठकीवर चढते आणि टप्प असा आवाज येतो. टायरच्या बाजूवर रिमला लागून एक बारीक रेघ असते. ती रेघ चाकाभोवती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत गेलेली असेल तर हवा सोडून, साबण लावून पुन्हा भरायची. पण टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापुढे कधीच जायचं नाही. एकदा नीट बसल्यावर मी सगळी हवा पुन्हा सोडतो आणि परत भरतो, म्हणजे आतल्या ट्यूबला पडलेल्या चुण्या निघतात. गाडीच्या पुस्तकाप्रमाणे पुढे २५ पौंड, मागे एकट्याला २८. मागे माणूस असेल तर बरीच जास्त. आकडा गेजवर बघायचा. अंगठ्यानं दाबून हवा सांगणारे खूप आहेत. पंचवीस आणि अठ्ठाविसातला फरक मात्र अंगठ्याला कळत नाही.

चाक चढवताना एकाच गोष्टीत हयगय करू नये: ब्रेकची पट्टी आणि तिची पिन. ती पट्टी ब्रेकच्या प्लेटला जागेवर धरून ठेवते. ती सुटली तर ब्रेक दाबल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरते. वाकवलेली पिन पुन्हा वापरायची नाही, दरवेळी नवीन. चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या, चेन वरखाली साधारण इंचभर हलणारी, आणि शेवटी ॲक्सल आवळायचा. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी जपून घालायची. घाटात तर नक्कीच.

आता जुन्या टायरचं. आमच्याकडे तो गोठ्याच्या पत्र्यावर वजन म्हणून जातो. वाऱ्यापावसात पत्रा उडू नये म्हणून ते ठीक आहे, पण त्यात साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास अंडी घालतात. म्हणून टायर देण्याआधी मी त्याला ड्रिलनं चारी बाजूंना भोकं पाडून देतो.

टायर जाळण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचं कारण फक्त धूर नाही. थंडीत शेकोटीला आणि होळीत टायर जातात. रबर जळून जातं, पण कड्यातली पोलादी तार राहते. ती तापून ठिसूळ होते, तुकडे पडतात, ते राखेबरोबर शेतात, बांधावर, चाऱ्यात येतात. गाय, म्हैस चारा ओठांनी आणि जिभेनं ओढून घेते, निवडून खात नाही. तार गिळली गेली की ती जाळीदार पोटात जाऊन बसते. ते पोट छातीच्या पडद्याला अगदी लागून असतं आणि त्याच्या पुढे थोड्याच अंतरावर हृदय. पोट आकुंचन पावतं तसतशी तार पुढे घुसते, पडदा भेदते आणि हृदयाच्या पिशवीत पू होतो. अशी गाय वैरण सोडते, उतार उतरायला नको म्हणते, कोपर बाहेर काढून उभी राहते, गळ्याखाली सूज येते. सूज दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पोट फाडून तार काढून मी काही जनावरं वाचवली आहेत. हृदयाला लागल्यावर एकही नाही. एका दुभत्या म्हशीच्या पोटातून निघालेले तारेचे तुकडे मी अण्णांना नेऊन दाखवले. त्यांनी ते उजेडात धरून बघितले आणि लगेच ओळखले.

त्यानंतर अण्णांनी जुने टायर शेकोटीसाठी द्यायचं बंद केलं. पोरं होळीच्या आधी दुकानाच्या मागे यायची, त्यांना ते सरळ नाही म्हणून सांगतात. गेल्या होळीला वाडीतल्या पोरांनी घराघरांतून गोळा केलेले टायर मी, अण्णा आणि तीच पोरं मिळून भंगाराच्या टेम्पोत चढवले. भंगारवाल्यानं त्याचे थोडे पैसे दिले. पोरांनी त्यातून फुटपंप घेतला आणि तो आता देवळाच्या ओसरीवर ठेवलेला असतो, ज्याला हवा त्यानं वापरावा म्हणून. त्यांच्यातल्या थोरल्यानं पुढच्या रविवारी त्याच्या वडिलांच्या गाडीचा मागचा टायर माझ्याच अंगणात उतरवायचा असं ठरलं आहे; नवा टायर घेताना त्यावरचे चार आकडे त्यानं स्वतः वाचून आणले आहेत.